झोपेवर सगळेच बोलतायत, पण ज्यांना झोपच येत नाही त्यांचं काय?

गेल्या दोन-तीन वर्षांत झोप हा अचानक बातमीचा विषय झालाय.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले की, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे एस. एन. सुब्रह्मण्यन थेट ९० तासांवर गेले. सोशल मीडियावर लोकांनी लगेच गणित मांडलं, मग झोपायचं कधी? मधल्या काळात, एप्रिल २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने ईडीला खडे बोल सुनावले. ६४ वर्षांच्या एका व्यक्तीची ईडीने रात्रभर चौकशी केली होती. झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे आणि ती हिरावून घेता येणार नाही, असं न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. मंजुषा देशपांडे यांच्या खंडपीठाने सांगितलं. जबाब किती वाजेपर्यंत नोंदवायचे याचं परिपत्रक काढा, असंही बजावलं. त्याच्याही आधी, २०१२ मध्ये, रामलीला मैदान प्रकरणात सुप्रीम कोर्टाने झोपेचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात बसवला होता. मैदानात झोपलेल्या आंदोलकांना पोलिसांनी मध्यरात्री हुसकावलं होतं, त्यावरून ते प्रकरण उभं राहिलं.

दुसरीकडे इन्स्टाग्राम उघडा. 'स्लीपमॅक्सिंग' नावाचा ट्रेंड आहे. तोंडाला टेप लावा, मॅग्नेशियम घ्या, किवी खा, घड्याळाने दिलेला झोपेचा स्कोअर स्टोरीला टाका.

यातल्या बऱ्याच विषयांच्या बातम्या मी स्वतः केल्यात. आणि त्यातल्या काही रात्री साडेतीनला केल्यात, कारण तेव्हा मी जागीच होते. बातमीची डेडलाइन होती म्हणून नव्हे. झोप येत नव्हती म्हणून.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट सुटते. कोर्ट, कंपन्या आणि रील्स ज्या झोपेबद्दल बोलतायत, ती 'झोपायला वेळ मिळत नाही' या प्रकारातली आहे. कामाचे तास कमी करा, पोलिसांना आवरा, मोबाईल बाजूला ठेवा, माणूस झोपेल. पण एक मोठा वर्ग असा आहे ज्याच्याकडे वेळ आहे, गादी आहे, अंधार आहे, शांतता आहे. आणि झोप नाही. जगभरात साधारण १० टक्के प्रौढांना हा त्रास दीर्घकाळ असतो असं मानलं जातं, आणि बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा जास्त दिसतो.

आजचा विषय ही दुसरी मंडळी. त्यांना नक्की काय होतं, त्यावर उपाय काय, आणि अशाच दुसऱ्या माणसांशी बोलून खरंच काही फरक पडतो का.

आधी हे समजून घेऊ, निद्रानाश कशाला म्हणायचं?

परीक्षेच्या आदल्या रात्री झोप उडाली, घरात आजारपण आलं आणि आठवडाभर झोपेचं खोबरं झालं, तर तो आजार नाही. डॉक्टर ज्याला क्रॉनिक इन्सोम्निया म्हणतात त्याची व्याख्या अशी आहे: आठवड्यातल्या किमान तीन रात्री, किमान तीन महिने, झोप लागायला त्रास होतो, किंवा मध्येच जाग येऊन परत लागत नाही, किंवा फार लवकर जाग येते. हे झोपायला पुरेसा वेळ असतानाही होतं. आणि त्याचा दिवसावर परिणाम होतो, म्हणजे चिडचिड, थकवा, कामात चुका, लक्ष न लागणं.

शेवटची अट महत्त्वाची आहे. काही लोक साडेपाच तास झोपतात आणि ठणठणीत असतात. त्यांना आजार नाही. त्यांचा हेवा वाटतो, ती वेगळी गोष्ट.

पूर्वी डॉक्टर निद्रानाशाला दुसऱ्या कशाचं तरी लक्षण समजत. डिप्रेशन बरं करा, झोप आपोआप येईल, असा हिशेब होता. २०१३ मध्ये मानसिक आजारांचं अमेरिकी मॅन्युअल, डीएसएम-५, आलं आणि त्यात हे बदललं. निद्रानाश हा स्वतंत्र आजार धरला गेला. त्याच्या जोडीला नैराश्य असू शकतं, मधुमेह असू शकतो, पण झोपेवर वेगळे उपचार करायचे, असं ठरलं. हा बदल अजून आपल्याकडच्या घराघरांत पोचलेला नाही. 'टेन्शन घेऊ नकोस, येईल झोप' हे वाक्य त्या जुन्या समजुतीतून येतं.

मग झोप जाते कशी आणि परत का येत नाही? आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात याचं एक सोपं मॉडेल मांडलं. ते मला स्वतःवर लावून पाहिल्यावर पटलं, म्हणून माझंच उदाहरण देते.

पहिली गोष्ट स्वभाव किंवा शरीराची घडण. मी लहानपणापासून हलक्या झोपेची. शेजारच्या इमारतीत कुकरची शिट्टी झाली तरी उठणारी. दुसरी गोष्ट निमित्त. दीड वर्षापूर्वी बाबांचं ऑपरेशन झालं, त्याच महिन्यात माझी शिफ्ट बदलली, आणि झोप गेली. तिसरी गोष्ट, जी सगळ्यात घातक आहे, ती म्हणजे झोप गेल्यावर आपण तिला परत आणायला जे जे करतो ते. बाबा सहा आठवड्यांत बरे झाले. शिफ्टही परत बदलून मिळाली. झोप मात्र आली नाही, कारण तोपर्यंत मी रात्री नऊलाच गादीवर जायला लागले होते. सुट्टीच्या दिवशी अकरापर्यंत लोळायचे. दुपारी मीटिंग रूममध्ये डोकं टेकवायचे. संध्याकाळी सहानंतर मैत्रिणींना भेटणं बंद केलं, 'मग झोप मोडते' म्हणून. घड्याळाच्या पट्ट्याने मोजलेला स्कोअर रोज सकाळी बघायचे आणि त्याप्रमाणे दिवस चांगला की वाईट ठरवायचे. (या वेडाला २०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी नावही दिलंय, ऑर्थोसोम्निया.)

थोडक्यात, ज्या निमित्ताने झोप गेली ते निघून गेलं होतं. माझ्या उपायांनी निद्रानाश टिकवून धरला होता.

सल्ले देणाऱ्यांचं काय करायचं?

निद्रानाश झालेल्या माणसाला सल्ल्यांचा तोटा नसतो. आईने फोनवर सांगितलं, तळपायाला काशाच्या वाटीने तूप चोळ आणि दुधात जायफळ उगाळून घे. मावशीने ब्राह्मीचं तेल कुरिअर केलं. ऑफिसमधल्या एकाने सांगितलं, जिमला जा, दमशील. रूममेट म्हणाली, मला तर उशीला डोकं टेकलं की झोप लागते. हा सल्ला नव्हता, तरी सगळ्यात जास्त तोच लागला.

आई-मावशीच्या प्रेमाबद्दल तक्रार नाही. पण चहा-कॉफी टाळा, खोलीत अंधार करा, मोबाईल लांब ठेवा, या ज्या 'झोपेच्या चांगल्या सवयी' प्रत्येक लेखात असतात, त्यांच्याबद्दल एक गोष्ट ठाऊक असायला हवी. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने, २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलंय की जुन्या निद्रानाशावर फक्त एवढाच उपचार देऊ नये. सवयी वाईट आहेत असं त्यांचं म्हणणं नाही. त्या एकट्या पुरत नाहीत, आणि त्यात वेळ गेला की माणूस खऱ्या उपचारापर्यंत पोचतच नाही.

आम्ही पत्रकारांनीच या याद्या वर्षानुवर्षं छापल्यात. दर मार्चमध्ये जागतिक निद्रा दिन आला की 'शांत झोपेसाठी १० टिप्स' तयार असतात. मीही लिहिल्यात.

आणि सल्ला लागू पडला नाही की दोष पेशंटकडे येतो. तू नीट करत नसशील. तू फार विचार करतेस. हळूहळू माणूस सांगणं बंद करतो. सकाळी कुणी विचारलं 'झाली का झोप?' तर 'हो' म्हणून मोकळा होतो.

आपल्याकडे जागरण तसं नवीन नाही. कोजागिरी आहे, मंगळागौर आहे, हरतालिका आहे, खंडोबाचं जागरण-गोंधळ आहे. पण या सगळ्या रात्री माणसं एकत्र जागतात. निद्रानाशात तीच रात्र एकट्याने काढायची असते, तीही शेजारी झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून कूस न बदलता. आमच्या गटातल्या एका ताईंनी सांगितलं की त्या दोन वर्षं रात्री बाथरूममध्ये बसून रडायच्या, कारण घरात दिवा लावायला तेवढीच जागा होती. नवऱ्याला माहीतच नव्हतं.

गट म्हणजे कसला?

सांगते. पण त्यासाठी आधी उपचार सांगायला हवा, कारण त्याच्याशिवाय गटाचा उपयोग कळत नाही.

जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार कोणता, यावर जगात आता बऱ्यापैकी एकमत आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये आणि युरोपातल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये एकच नाव पुढे केलं, सीबीटी-आय. म्हणजे निद्रानाशासाठीची विचार आणि वर्तन बदलणारी उपचारपद्धत. गोळीच्या आधी ही. साधारण सहा ते आठ बैठका असतात.

नाव ऐकून वाटतं, समोर बसून गोड बोलतील. प्रत्यक्षात हा उपचार बऱ्यापैकी क्रूर आहे.

त्यातला एक भाग रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडला. गादी फक्त झोपेसाठी. वाचन, मोबाईल, काळजी, जेवण, सगळं गादीबाहेर. झोप येत नाहीये असं वाटलं की उठायचं, दुसरीकडे जाऊन काहीतरी कंटाळवाणं करायचं आणि डोळे मिटायला लागले तरच परत यायचं. रात्रीत पाच वेळा लागलं तर पाच वेळा. सकाळी उठायची वेळ एकच, रविवारीही तीच. दुपारची झोप बंद. यामागचा विचार असा की महिनोन्महिने तळमळून मेंदूने गादीचं नातं जागरणाशी जोडलेलं असतं, ते तोडायचं. तुम्हाला सोफ्यावर टीव्हीसमोर पेंग येते आणि गादीवर गेल्यावर टक्क जाग येते का? तेच हे.

मुंबईच्या वन रूम किचनमध्ये 'दुसऱ्या खोलीत जा' हे कसं करायचं, हा प्रश्न त्या पुस्तकांत नसतो. माझ्यासाठी दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघराच्या ओट्याजवळची प्लास्टिकची खुर्ची होती.

दुसरा भाग स्पीलमन यांचाच. त्याला झोपेचं बंधन म्हणू. समजा तुम्ही रात्री ११ ते सकाळी ७ गादीवर असता, म्हणजे ८ तास. डायरी ठेवल्यावर दिसतं की त्यातले साडेपाच तासच झोप होते. मग तुम्हाला गादीवर साडेपाच तासच मिळणार. १२.३० ला झोपायचं, ६ ला उठायचं. त्याआधी कितीही डोळे मिटले तरी गादीवर जायचं नाही. गादीवरच्या वेळेपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वेळ झोपेत जायला लागला की मग १५-१५ मिनिटांनी वेळ वाढवायची. साधारणपणे ५ तासांच्या खाली नेत नाहीत.

हे चालतं कारण जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यातून झोपेचा दाब तयार होतो. लवकर गादीवर जाऊन, लोळून, दुपारी पेंगून आपण तो दाब थोडा थोडा सोडून देतो. बंधनामुळे तो साठतो. (चहा-कॉफीतलं कॅफीन नेमकं याच अ‍ॅडिनोसिनची वाट अडवतं.)

आता विचार करा. झोप मिळत नाही म्हणून रडत आलेल्या माणसाला तुम्ही सांगताय, अजून कमी वेळ गादीवर राहा. पहिले दोन आठवडे भयंकर जातात. दिवसा डोळे जळतात, चिडचिड वाढते, आणि रात्री साडेअकराला आख्खं घर झोपलेलं असताना तुम्ही भिंतीकडे बघत बसलेले असता. बरेच जण इथेच सोडून देतात.

एक इशारा इथेच देते. हे बंधन स्वतःच्या मनाने सुरू करू नका. बायपोलर आजार किंवा फिट्सचा त्रास असेल तर कमी झोपेने तो वाढू शकतो. ट्रक, बस किंवा अवजड मशीन चालवणाऱ्यांना यात धोका आहे. आणि मोठ्याने घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल, तर तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो, त्याचा उपचारच वेगळा आहे. पायात वळवळ होऊन झोप न लागणं, थायरॉइड, रक्तातलं लोह, हेही डॉक्टरने आधी बघायला हवं.

तर, गट. माझा उपचार एका समुपदेशक ताईंकडे झाला आणि त्या सात जणांना एकत्र घेत होत्या, कारण एकेकट्याची फी सगळ्यांना परवडणारी नव्हती. मला आधी हा जुगाड वाटला. पण गटात दिलेल्या सीबीटी-आयचा अभ्यास झालेला आहे. २०१५ मध्ये असे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले गेले आणि परिणाम मध्यम ते मोठा दिसला. बैठका संपल्यावर आम्ही सातही जण दर रविवारी संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉलवर भेटत राहिलो. महिन्यातून एकदा ताई येतात आणि डायऱ्या बघतात.

आम्ही एकमेकांना झोपवत नाही. तसं कुणी करू शकत नाही. पण दुसऱ्या आठवड्यात मी सोडून द्यायच्या बेतात होते, तेव्हा एसटीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी सांगितलं की त्यांनाही दहाव्या दिवशी असंच वाटलं होतं आणि चौदाव्या दिवशी पहिल्यांदा सलग चार तास लागले. डॉक्टरने हेच सांगितलं असतं तर मला ती माहिती वाटली असती. काकांनी सांगितल्यावर मी अजून चार दिवस काढायचं ठरवलं. त्यांनी मला उपाय सांगितला नाही, फक्त स्वतःचं सांगितलं.

दुसरा फायदा कमी बोलला जातो. निद्रानाशाच्या मुळाशी एक भीती असते: उद्याचं काय होणार? आज झोप नाही म्हणजे उद्या प्रेझेंटेशन बिघडणार, नोकरी जाणार, हार्ट अटॅक येणार. ही भीती मेंदूला जागं ठेवते. गटात सात माणसं दर आठवड्याला सांगतात की ती वाईट झोपली आणि तरी बुधवारी कामाला गेली, मुलाला शाळेत सोडलं, डाळ करपवली पण घर चाललं. हे कानावर पडत राहिलं की रात्री तीनला भीतीचा आवाज थोडा कमी होतो. थेरपीत यालाच विचार तपासणं म्हणतात, इथे त्याला मसुदा लागत नाही.

हे महाराष्ट्राला नवीन नाही

समदुःखी माणसांनी एकत्र बसायचं, ही कल्पना दारूच्या व्यसनापासून जगभर पसरली. अमेरिकेत १९३५ मध्ये अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झालं. आपल्याकडे १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीतून ते उभं राहिलं. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथे नवीन आलेल्यांसोबत काम करतात, हे मुक्तांगणचं मोठं बळ राहिलंय. पुढे पुण्यात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी आणि नातेवाइकांसाठी गट उभे राहिले, पार्किन्सन्सच्या रुग्णांचं मित्रमंडळ उभं राहिलं. या गटांमध्ये रुग्णाला 'शुभार्थी' आणि काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. मला हे शब्द आधी जरा जड वाटायचे, आता आवडायला लागलेत, कारण 'पेशंट' म्हटलं की माणूस लगेच आडवा पडल्यासारखा दिसतो.

निद्रानाशाच्या वाट्याला यातलं फार काही आलं नाही. कारण समजण्यासारखं आहे. व्यसन घर उद्ध्वस्त करतं, ते दिसतं. झोप न लागणारा माणूस सकाळी आंघोळ करून लोकल पकडतो.

पण गट घातकही ठरू शकतो

हे लिहिलं नाही तर लेख अर्धवट राहील.

सगळ्यात मोठा धोका गोळ्यांचा. चार निद्रानाशी एकत्र आले की दहाव्या मिनिटाला गोळीचं नाव निघतं. 'मला ही लागू पडली, अर्धी घेऊन बघ.' झोल्पिडेम, अल्प्राझोलम यांसारख्या गोळ्या भारतात औषधांच्या शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत, आणि कुणाला विकली याची नोंद मेडिकलवाल्याने तीन वर्षं ठेवायची असते. हा नियम मार्च २०१४ पासून लागू आहे. तरी ओळखीच्या मेडिकलमधून पाकीट आणणारे तुम्हालाही माहीत असतील. झोल्पिडेम आणि त्याच्या भावंडांवर अमेरिकेच्या एफडीएने २०१९ मध्ये सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, कारण काही लोक गोळी घेऊन झोपेतच उठले, चालले, गाडी चालवली आणि त्यात जखमा, मृत्यूही झाले. अल्प्राझोलमच्या गटातल्या गोळ्यांची शरीराला सवय लागते.

याचा अर्थ गोळी घेणारा गुन्हेगार आहे असा नाही. काही काळ गोळीची गरज पडते, ते डॉक्टर ठरवतील. आणि जे कित्येक महिने घेतायत त्यांनी हा लेख वाचून आज रात्री अचानक बंद करू नये. एकदम बंद केल्याने झोप आणखी बिघडते आणि काही गोळ्यांच्या बाबतीत फिट्सपर्यंत जाऊ शकतं. कमी करायचं तर डॉक्टरच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने.

मेलाटोनिनच्या गमीज वेगळ्या, त्या रंगीत असतात आणि इन्फ्लुएन्सर विकतात. जेट लॅगसाठी मेलाटोनिनचा उपयोग आहे. पण जुन्या निद्रानाशासाठी वापरू नये असाच कल अमेरिकन अकॅडमीने २०१७ च्या सूचनांमध्ये दाखवला होता.

दुसरा धोका थोडा सूक्ष्म आहे. जो बरा होतो तो गट सोडून जातो. त्याला आता झोपेबद्दल बोलायचंच नसतं, आणि ते बरोबरही आहे. मागे राहतात ते न बरे झालेले. नवीन आलेल्या माणसाला मग वाटतं, दहा-दहा वर्षं झालेले लोक आहेत, यातून कुणी बाहेर पडतच नाही. खरं चित्र तसं नसतं, त्याला दिसणारं चित्र तसं असतं.

तिसरा, रात्रीच्या गप्पा. तीन वाजता मेसेज टाकला आणि दोन मिनिटांत चार जणांनी उत्तर दिलं, तर तेवढ्यापुरतं फार बरं वाटतं. पण मेंदूला जागं राहण्याचं बक्षीस मिळतं. आम्ही हे करून पाहिलं आणि महिन्याभरात बंद केलं.

आता आमचे नियम असे आहेत. गोळीचं नाव आणि डोस बोलायचा नाही. रात्री अकरा ते सकाळी सहा कुणी मेसेज टाकायचा नाही (मनात मरणाचे विचार येत असतील तर मात्र मेसेज नाही, थेट फोन, कितीही वाजता). कुणी मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. किती तास झोपलो याची स्पर्धा लावायची नाही. आणि ज्याची झोप सुधारली त्याने गट सोडावा, पण तीन महिन्यांनी एकदा येऊन सांगून जावं.

यंत्रणा कुठे आहे?

ब्रिटनमध्ये औषधोपचारांची शिफारस करणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेने मे २०२२ मध्ये झोपेच्या गोळ्यांऐवजी सीबीटी-आयवर आधारलेल्या एका अ‍ॅपची शिफारस केली. आपल्याकडे गोष्ट अजून त्याच्या बरीच अलीकडे अडलेली आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. देशात एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. त्यातही सीबीटी-आय शिकलेले लोक मोजके, आणि ते मोठ्या शहरांत.

म्हणजे परभणीतल्या किंवा कुडाळमधल्या माणसापुढे आज प्रत्यक्षात दोनच वाटा दिसतात, मेडिकलची गोळी किंवा सहन करणं. कोर्टाने झोप हा हक्क आहे असं म्हटलंय, ते पोलीस आणि ईडीच्या संदर्भात. आजारी माणसाच्या झोपेची जबाबदारी कुणाची, यावर अजून कुणी बोललेलं नाही. आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या समुपदेशकांना झोपेची डायरी आणि एकाच वेळी उठण्याचा नियम शिकवणं फार महाग काम नाही, असं मला वाटतं. गटाने बसायचं तर गावात जागा असतेच, पारायणाला असते तशी.

एक सोय आत्ता आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, नंबर १४४१६. फोन फुकट आहे, २४ तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. झोपेसाठी फोन करावा का, असा संकोच करू नका. दीर्घ निद्रानाशाने नैराश्याचा धोका वाढतो. जगणं नको वाटायला लागलं असेल तर सकाळ व्हायची वाट बघू नका.

माझं म्हणाल तर सध्या वेळ १२ ते ६.१५ आहे. मधे दोन आठवडे चांगले गेले, परवा पुन्हा एक रात्र ओट्याजवळच्या खुर्चीत काढली. काकांचं बंधन संपलंय, ते आता पुढच्या महिन्यात सांगायला येतील. बाथरूममध्ये बसणाऱ्या ताईंनी नवऱ्याला सांगितलंय, आणि त्यांच्याकडे आता हॉलमध्ये एक छोटा दिवा आहे. रविवारी डायरी दाखवायची आहे, मला १५ मिनिटं वाढवून मिळतात का ते तेव्हा कळेल.